पहिला नंबर कुणाला द्यायचा?

उत्पादनाचं नियोजन करणारं सॉफ्टवेअर कारखान्यात आलं की सगळ्यांचं लक्ष एकाच रकान्यावर खिळतं: प्रायॉरिटी. मालकाला वाटतं, आता मोठ्या गिऱ्हाइकाला उशीर होणार नाही. विक्रीच्या माणसांना वाटतं, आता भांडायला नको, आकडा बदलला की काम झालं. औंढा नागनाथजवळच्या एका हळद-मसाल्याच्या कारखान्यात मी नियोजन बघतो. या एका रकान्यामुळे आमचा ऐन हंगाम कसा विस्कटला, ते मी जवळून पाहिलंय. आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांवर ती वेळ येऊ नये, म्हणून हे लिहितोय.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात जानेवारी उजाडला की हळदीची काढणी सुरू होते. पुढे शिजवणी, वाळवणी, पॉलिश आणि मग मोंढा. नेमक्या याच दिवसांत महाशिवरात्रीची यात्रा येते आणि निम्मे कामगार सुट्टी मागतात. मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला तर वाळत घातलेली हळद झाकून ठेवावी लागते. त्यामागोमाग घरोघरी वर्षाचं तिखट, मसाला, हळद करून ठेवायचे दिवस येतात आणि दुकानदारांच्या ऑर्डरी एकदम वाढतात. म्हणजे माल अनिश्चित, माणसं कमी आणि मागणी सर्वांत जास्त, हे सगळं एकाच वेळी.

त्या हंगामात ज्याने त्याने आपापली ऑर्डर एक नंबरवर नेली. थोड्याच दिवसांत यादीतल्या बहुतेक ऑर्डरींपुढे 'एक' दिसू लागला. सगळेच एक नंबरवर असले की सॉफ्टवेअर काय करतं? ते दुसऱ्या एखाद्या खुणेवर निवड करतं, बहुतेक वेळा ऑर्डर कधी नोंदली त्यावर. म्हणजे ठरवणारे आम्ही उरलोच नाही.

त्यातच एका मोठ्या ऑर्डरचं असं झालं. हळद पावडरच्या पॅकिंगला एक नंबर होता. पण त्याच ऑर्डरसाठीच्या दळणाची वर्क ऑर्डर वेगळी तयार झाली होती आणि ती साध्या प्राधान्यावरच राहिली. पाऊच तयार, पॅकिंगच्या बायका बसून, आणि चक्कीवर मिरची चालू. मिरचीनंतर हळद घ्यायची तर चक्की, चाळणी, पाइप सगळं उघडून साफ करावं लागतं. मोठी ऑर्डर उशिरा गेलीच, आणि तिच्या गडबडीत तालुक्यातल्या किराणा दुकानदारांच्या लहान ऑर्डरी रोज एकेक पायरी मागे सरकत राहिल्या. त्यांच्यासाठी फोन करणारं कुणी नव्हतं.

आधी आपलं सॉफ्टवेअर ओळखा

काही प्रणालींत १ म्हणजे सर्वांत वर, तर काहींत मोठा आकडा वर. रकाना रिकामा राहिला तर कुठे तो शून्य धरला जातो आणि ती ऑर्डर गुपचूप सर्वांच्या पुढे जाते, तर कुठे ती तळाला पडते. हे माहितीपुस्तकावर सोडू नका. चार खोट्या ऑर्डरी टाका, वेगवेगळे आकडे द्या, एक रिकामी ठेवा आणि क्रम कसा लागतो ते डोळ्यांनी पाहा. दोन ऑर्डरींना सारखा आकडा देऊन बरोबरी कशी सुटते, तेही तपासा.

मग वरच्या ऑर्डरचं प्राधान्य खालच्या कामांपर्यंत उतरतं का, ते बघा. पॅकिंगचा आकडा बदलल्यावर दळण आणि निवड-सफाई यांचेही आकडे आपोआप बदलले पाहिजेत. बदलत नसतील तर ते हाताने बदलायचं काम एका ठरावीक माणसाकडे द्या.

तिसरी तपासणी क्षमतेची. कित्येक प्रणाली मालाची गरज मोजताना यंत्राला मर्यादाच नाही असं धरून चालतात. चक्की दिवसाला किती दळते, साफसफाईला किती वेळ जातो, यात्रेच्या दिवसांत किती माणसं येतात, हे कॅलेंडरमध्ये भरलेलं नसेल तर पडद्यावरचं वेळापत्रक सुंदर दिसतं आणि पहिल्याच पाळीत कोसळतं. गोदामात नसलेल्या मालाची ऑर्डर एक नंबरवर ठेवणं हाही त्यातलाच प्रकार.

चिंचोळी जागा शोधा

औंढ्याच्या नागनाथ मंदिराचं गर्भगृह जमिनीखाली आहे. अरुंद वाटेने खाली उतरावं लागतं आणि एका वेळी मोजकीच माणसं आत मावतात. सभामंडपात कितीही घाई केली तरी दर्शनाचा वेग ती वाटच ठरवते. कारखान्यातही अशी एक जागा असते. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ साली 'द गोल' या कादंबरीतून हाच विचार जगभरच्या कारखान्यांपुढे मांडला: सगळ्या कारखान्याची गती त्याच्या सर्वांत अडलेल्या यंत्रावर ठरते. आमच्याकडे ते यंत्र चक्की. म्हणून प्राधान्याचा क्रम तिथे लावायचा. बाकीच्या विभागांनी तो क्रम पाळायचा, स्वतःचा वेगळा लावायचा नाही.

चक्कीवर क्रम लावताना सफाईचा वेळ आधी धरा. धने, मग हळद, शेवटी मिरची, असं सौम्याकडून तिखटाकडे गेलं की मोठी सफाई एकदाच करावी लागते. आमच्याच जिल्ह्यातल्या वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाने विकायचा लॉट दुसऱ्या हळदीत मिसळून चालत नाही, म्हणून त्याची बॅच वेगळी धरावी लागते. मधेच एखादी 'अर्जंट' ऑर्डर घुसवली की तिच्या दळणाबरोबर दोन सफायांचा वेळही खर्ची पडतो. तो वेळ कुणाच्या ऑर्डरमधून जाणार, हे आधी विचारा.

आकडा भावनेने नको, नियमाने द्या

सर्वांत सोपा नियम देय तारखेचा. एकच यंत्र असेल आणि सगळी कामं तयार असतील, तर जवळच्या तारखेचं काम आधी घेतल्याने सर्वांत जास्त उशीर होणाऱ्या ऑर्डरचा उशीर कमीत कमी राहतो. जे. आर. जॅक्सन यांनी १९५५ साली हे गणिताने सिद्ध केलं. सुरुवात इथून करा.

पण पुढे प्रयोगशाळेचा अहवाल, वेगळं पॅकिंग असे टप्पे असतील तर नुसती तारीख फसवते. एका ऑर्डरला १० दिवस हातात आहेत, पण दळण १, तपासणी ५ आणि पॅकिंग १ असे ७ दिवस लागणार आहेत. दुसरीला ८ दिवस आहेत आणि काम फक्त २ दिवसांचं. हातातले दिवस भागिले लागणारे दिवस: पहिलीचं गुणोत्तर सुमारे १.४, दुसरीचं ४. तारीख दुसरीची जवळ, तरी चक्कीवर पहिली आधी जायला हवी. गुणोत्तर १ च्या खाली गेलं की ऑर्डर उशिराच्या वाटेवर आहे असं समजा आणि गिऱ्हाइकाला तेव्हाच सांगा.

सर्वांत लहान काम आधी, हाही नियम काही ठिकाणी चालतो. त्याने सरासरी वाट पाहणं कमी होतं, पण मोठी ऑर्डर कायमची मागे राहू शकते. कोणताही नियम घ्या, त्याला एक जोड द्या: ठरावीक मुदतीहून जास्त थांबलेली ऑर्डर आपोआप वर आली पाहिजे. लहान दुकानदाराचा बचाव एवढ्याने होतो.

किल्ली एकाच हातात

पायऱ्या तीनच ठेवा: तातडीची, नेहमीची आणि साठ्यासाठीची. तातडीच्या ऑर्डरींना संख्येची मर्यादा घाला. नवी आत यायची तर जुनी एक बाहेर गेली पाहिजे. आकडा बदलायचा अधिकार एकाच व्यक्तीला द्या आणि प्रत्येक बदलापुढे कारण लिहायला लावा. येत्या दोन-तीन दिवसांचं वेळापत्रक गोठवा. त्यात रोज ढवळाढवळ झाली तर निवडीपासून पॅकिंगपर्यंत कुणालाच उद्याची तयारी करता येत नाही. आठवड्याला विक्री, गोदाम आणि उत्पादन यांनी एकत्र बसून दोनच गोष्टी पाहाव्यात: किती ऑर्डरी उशिरा गेल्या आणि किती वेळा क्रम बदलला. दुसरा आकडा वाढला की पहिला वाढताना मी पाहिलाय.

आणि एक नियम कारखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा. एकाला पुढे घेतलं की दुसरा मागे जातोच. सॉफ्टवेअर त्याचं नाव दाखवत नाही. म्हणून जो कुणी ऑर्डर वर न्यायला सांगेल, त्यानेच मागे गेलेल्या गिऱ्हाइकाला त्याच दिवशी फोन करून नवी तारीख कळवायची. मालकानेसुद्धा. हा फोन करायची तयारी नसेल, तर त्या आकड्याला हात लावू नका.