तीन इंग्रजी अक्षरे

वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातले गाव. इकडे शेतोशेती कपाशी असते.

कोणी म्हणेल, "आता या वयात इंग्रजी कशाला?" पण पाहा बरे! तिकीट, स्टेशन, डॉक्टर हे शब्द आपण रोज बोलतो. ते इंग्रजीच आहेत. कानाला ओळख आहे. आता डोळ्यांना करून द्यायची. अक्षरे फक्त २६ आहेत.

सुरुवात फवारणीच्या डब्यापासून करा. डब्यावर ई, एक्स, पी ही अक्षरे शोधा. त्यांच्यापुढे औषधाची मुदत संपण्याची तारीख असते. तारखेचे आकडे इंग्रजी असतात. तेच आकडे मोबाईलवर असतात. तारीख उलटली असेल, तर डबा घेऊ नका.

लाल खूण असेल, तर ते सर्वांत जहाल विष. तिथे कवटी असते आणि 'पॉयझन' असे लिहिलेले असते. पॉयझन म्हणजे विष. खूण हिरवी असली, तरी जपूनच वापरा. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने शेतकरी व मजूर दगावले.

अक्षर अडले, तर घरच्या पोरांना विचारा. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी शिकवतात. लेकराकडून शिकण्यात लाज कसली? आज तीन अक्षरे शिका. उद्या चौथे आपोआप येईल.