टायर आणि हवामान

डिसेंबरच्या पहाटे भिलाईतील कोहका या वस्तीत हवेत चांगलाच गारठा असतो. चहाच्या टपरीपुढे शेकोटी पेटलेली असते आणि कामावर निघालेली माणसे कानाभोवती मफलर गुंडाळून सायकली हाकीत असतात. अशा एखाद्या सकाळी वेगवान मोटारगाडी बाळगणाऱ्या गृहस्थास जर्मनीतील आपल्या भाच्याचे बोलणे आठवते : “तापमान सात अंशांखाली गेले, की आम्ही गाडीला हिवाळी टायर चढवतो.” मग त्यास वाटते, की आपणही तसेच केले तर गाडी अधिक सुरक्षित होईल काय?

प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर देण्यासाठी रबराचा स्वभाव, पाण्याचा दाब आणि वायूचे नियम या तिन्हींकडे वळावे लागते. शिवाय उत्तर चुकले तर नुकसान केवळ पैशाचे होत नाही. गाडी आणि रस्ता यांचा संबंध चार टायरांच्या तळांपुरताच असतो. दीड हजार किलोग्रॅम वजनाच्या गाडीत एका चाकावर सरासरी ३७५ किलोग्रॅम भार येतो. टायरातील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोग्रॅम धरला, तर हा भार पेलण्यास सुमारे १६७ चौरस सेंटिमीटर जागा पुरते. म्हणजे आपल्या पंजाएवढी. घरातील सर्व माणसांचे जीव या चार पंजांच्या पकडीवर अवलंबून असतात.

रबर आणि थंडी

रबर हे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचे बनलेले असते. कच्चे रबर उन्हात चिकट व थंडीत कडक होते. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली रबर गंधकासह तापवून पाहिले. त्यामुळे साखळ्या एकमेकींस ठिकठिकाणी सांधल्या जातात आणि ताण काढताच रबर मूळ आकारास येते, असे आढळले. पुढे १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेला टायर उपयोगात आणला. आजच्या टायरात नैसर्गिक व कृत्रिम अशी दोन्ही प्रकारची रबरे, काजळी, सिलिका, तेले व गंधक यांचे मिश्रण असते. कोणत्या हवामानात टायर उपयोगी पडेल, हे या मिश्रणाच्या प्रमाणावर पुष्कळसे ठरते.

रस्ता डोळ्यांना सपाट दिसला, तरी त्याच्या पृष्ठावर खडीचे बारीक उंचवटे असतात. मऊ रबर त्यांच्याभोवती बसते, दबते व सुटते, आणि या क्रियेतच पकड निर्माण होते. तापमान जसजसे उतरते, तसतशी रेणूंची हालचाल मंदावते व रबर ताठर बनते. पुरेशी थंडी पडल्यास ते काचेप्रमाणे ठिसूळही होऊ शकते. हे तापमान मिश्रणागणिक वेगळे असते.

थंडीमुळे रबर किती बदलते याचे दारुण उदाहरण २८ जानेवारी १९८६ रोजी जगाने पाहिले. अमेरिकेचे चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले व त्यातील सातही जण मृत्यू पावले. थंड सकाळी त्याच्या अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कड्यांची लवचिकता कमी झाली होती आणि त्या सांधा वेळेवर बंद करू शकल्या नाहीत. भौतिकीवेत्ते रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या वेळी अशा रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून ही गोष्ट सर्वांसमक्ष दाखवून दिली.

हिवाळी टायर कशासाठी?

फिनलंडमधील एका रबर कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर तयार केला, आणि तेथून या शाखेची वाढ झाली. या टायराचे मिश्रण थंडीतही मऊ राहील असे असते. त्याच्या खाचा खोल असतात, आणि रबराच्या प्रत्येक ठोकळ्यावर असंख्य बारीक चिरा पाडलेल्या असतात. या चिरांच्या कडा बर्फास धरतात. खाचांत बर्फ घट्ट बसतो आणि रस्त्यावरील बर्फाशी त्याची पकड जमते; बर्फाचा गोळा बर्फालाच चिकटावा तसा हा प्रकार आहे. ज्या टायराने बर्फावरील ठरावीक चाचणी पार केली, त्याच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण अशी खूण असते.

वेगवान गाडीचे उन्हाळी टायर याच्या उलट असतात. ते रुंद असतात, त्यांचे ठोकळे भक्कम असतात आणि त्यांचे मिश्रण उष्ण व ओल्या रस्त्यावर उत्तम पकड देते. मात्र सुमारे सात अंश सेल्सिअसच्या खाली ते ताठर होऊ लागतात. भाच्याच्या सांगण्यातील सात अंश आले ते येथून. ही काटेकोर सीमा नव्हे. अनुभवाने ठरलेला तो एक ढोबळ आकडा आहे. भाच्याच्या देशात तो नियम योग्यच आहे.

कोहक्याचे हवामान काय सांगते?

कोहक्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या रायपूर येथे जानेवारीतील किमान तापमान सरासरीने सुमारे १३ अंश असते, आणि दुपारी ते २७-२८ अंशांपर्यंत चढते. पहाटेचा क्वचितच येणारा कडाका सोडला, तर सात अंशांची वेळच येत नाही. शिवाय धावता टायर दबण्या-सुटण्याच्या क्रियेने स्वतःच तापतो. उलट मे महिन्यात हवेचे तापमान ४२ अंशांपलीकडे जाते आणि उन्हातील डांबर साठ अंशांहूनही अधिक तापू शकते. पुढे जून ते सप्टेंबर पावसाचे राज्य असते. तेव्हा या गावी टायराची कसोटी उष्णता व पाणी यांच्याशी आहे, बर्फाशी नाही.

तापलेल्या डांबरावर हिवाळी टायराचे मऊ ठोकळे वळणावर व ब्रेक लावताना वाकतात. गाडीचे वळण ढिले वाटते, रबर लवकर झिजते आणि थांबण्याचे अंतर वाढते. हे अंतर वाढणे म्हणजे काय, ते गणिताने पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी ०.८ या घर्षणांकावर ब्रेक लावल्यापासून सुमारे ३१.५ मीटरांत थांबते. घर्षणांक ०.६ झाला, तर तिला सुमारे ४२ मीटर लागतात. साडेदहा मीटरांचा हा फरक कागदावर लहान दिसतो. पण जेथे पहिली गाडी पूर्ण थांबली, त्याच जागी दुसरी अद्याप ताशी ४० किलोमीटर वेगाने धावत असते. पुढे रस्ता ओलांडणारे मूल असेल, तर या फरकाचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

पाणी हाच खरा शत्रू

पहिल्या सरीने रस्त्यावरील धूळ व तेल यांचा राडा होतो आणि रस्ता निसरडा बनतो. नंतर मुसळधार पावसात दुसरा धोका येतो. वेग वाढला, की टायरापुढील पाण्यास बाजूला सरण्यास वेळ मिळत नाही. त्याचा दाब टायरास उचलून धरतो व चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागते. अशा वेळी सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. वॉल्टर हॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या टायरांवर प्रयोग करून १९६३ साली यासाठी एक सूत्र मांडले. दाब पौंडांत घेऊन त्याच्या वर्गमुळास सुमारे १६.६ ने गुणले, की तरंगण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. दाब ३६ पौंड असल्यास हा वेग सुमारे १०० येतो. २५ पौंड असल्यास सुमारे ८३. मोटारीच्या टायराबाबत नक्षी, रुंदी व पाण्याची खोली यांमुळे आकडे बदलतात. पण हवा कमी असलेला टायर लवकर तरंगतो, हा बोध कायम राहतो. रुंद टायरास अधिक पाणी सारावे लागते, म्हणून वेगवान गाडीच्या मालकाने खाचांच्या खोलीकडे दुप्पट लक्ष द्यावे. खाचांच्या तळाशी असलेले लहान उंचवटे १.६ मिलिमीटर उंचीचे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीस आली, की टायर बाद समजावा. पावसाळ्याच्या तोंडी तर त्याआधीच तो बदलणे शहाणपणाचे.

मग थंडीत काहीच करावयाचे नाही काय? एक गोष्ट अवश्य करावी : हवा तपासावी. ४० अंश तापमानात ३२ पौंड हवा भरलेला टायर १२ अंशांच्या पहाटे जवळजवळ २८ पौंडांवर येतो; कारण बंदिस्त हवेचा दाब तापमानाबरोबर उतरतो. म्हणून थंडी सुरू होताच, गाडी चालविण्यापूर्वी, टायर गार असतानाच हवा मोजून ती भरून घ्यावी. कोहक्यासाठी खरी ‘हिवाळी तयारी’ ती हीच.

निवड कशी करावी?

टायराच्या बाजूवर ‘२२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू’ अशासारखी अक्षरे असतात. टायराची रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, बांधणी रेडियल आणि चाकाचा व्यास १७ इंच, असा त्यांचा अर्थ. ९१ हा अंक ६१५ किलोग्रॅमचा भार दर्शवितो व ‘डब्ल्यू’ हे अक्षर ताशी २७० किलोमीटरची वेगमर्यादा. गाडीच्या निर्मात्याने सांगितलेल्या भार व वेग यांहून कमी प्रतीचा टायर कधीही घेऊ नये. चार अंकी संख्येवरून निर्मितीचा आठवडा व वर्ष कळते. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळणारा जुना परदेशी हिवाळी टायर या अंकांपुढे बहुधा उघडा पडतो. एकाच आसावर दोन जातींचे टायर बसवू नयेत, आणि दोनच नवे घेतल्यास ते मागील चाकांना लावावेत.

कोहक्याची गाडी जानेवारीत हिमालयात न्यावयाची असेल, तर गोष्ट निराळी. तेथे बर्फावर चाकांच्या साखळ्या व स्थानिक चालक यांचाच आधार घ्यावा. त्या आठ दिवसांसाठी वर्षभर हिवाळी टायर वागविणे योग्य नव्हे. आपल्या गृहस्थाने उष्णतेस व पावसास योग्य, ओल्या रस्त्यावर पकड देणारे, ताजे उन्हाळी टायर घ्यावेत. भाचा व मामा यांची उत्तरे वेगळी असली, तरी दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबर असतील. कारण दोघांनीही आपल्या रस्त्याचे हवामान पाहून निर्णय केलेला असेल.

प्रयोग व प्रश्न

१. एकाच जातीचे दोन रबरी चेंडू घ्या. एक रात्रभर बर्फाच्या कपाटात ठेवा. सकाळी दोन्ही एकाच उंचीवरून सोडा आणि उसळी मोजा. फरकाचे कारण लिहा.

२. आपल्या गावचे जानेवारीतील किमान व मे महिन्यातील कमाल तापमान मिळवा. या दोन तापमानांत एकाच टायरातील दाब किती बदलेल?

३. वेग दुप्पट झाल्यास थांबण्याचे अंतर किती पट होईल? ओल्या रस्त्यावर वेग कमी ठेवावा, असे का म्हणतात ते या उत्तरावरून स्पष्ट करा.