विषाणू गेला, यकृत तेच आहे

हिपॅटायटिस सीचे उपचार संपले, शेवटचा रिपोर्ट चांगला आला, की बऱ्याच जणांच्या मनात एकच प्रश्न येतो : आता थोडी चालेल का? डॉक्टरांना तो विचारायला जीभ रेटत नाही. ओपीडीबाहेरच्या बाकावर मात्र हमखास विचारला जातो, आणि तिथे विचारणाऱ्याला हवं तेच उत्तर मिळतं. मी त्या बाकावर पुष्कळ बसलो आहे. शिवाय माझी सारी नोकरी सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, प्रयोगशाळेत गेली. त्यामुळे दारूशी माझी ओळख ती बाटलीत जाण्याआधीपासूनची आहे. दोन्हीकडून जे कळलं ते इथे लिहितो.

१. ‘निगेटिव्ह’ हा निकाल विषाणूचा असतो

मला हा आजार बहुधा १९९४ साली चढवलेल्या रक्तातून आला. मोटरसायकलचा अपघात, मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशन आणि दोन बाटल्या रक्त. या विषाणूचा शोध १९८९चा. आपल्याकडच्या रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली ती माझ्या अपघातानंतर काही वर्षांनी. तोवर ज्यांना रक्त मिळालं, त्यांतल्या काहींना त्यासोबत हाही मिळाला आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं त्याने आवाज केला नाही. कारखान्यातल्या रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून फोन आला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

पूर्वी यावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं असत. आठवड्यामागून आठवडे ताप, अंगदुखी, खचलेलं मन, आणि एवढं सोसून बरं होण्याची खात्री नाहीच. २०१३च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुवीरला मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. तिथे बारा आठवड्यांच्या त्या गोळ्यांची किंमत ८४ हजार डॉलर होती. २०१५पासून भारतीय कंपन्यांनी तीच गोळी अगदी थोड्या किमतीत बनवली, आणि २८ जुलै २०१८ला राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यावर ती सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली. मी सोफोसबुवीर आणि वेलपाटासवीर यांची एकत्र गोळी रोज एक, बारा आठवडे घेतली. गोळ्या संपल्यावर आणखी बारा आठवड्यांनी रक्तातल्या विषाणूची आरएनए चाचणी होते. तीत विषाणू सापडला नाही, तर माणूस त्या विषाणूपासून बरा झाला असं मानतात, आणि शंभरांतले पंचाण्णवच्या आसपास रुग्ण असे बरे होतात. ही फार मोठी गोष्ट आहे. तिचं मोल मला माहीत आहे, कारण इंटरफेरॉनच्या काळातला एक मित्र मी गमावला आहे.

पण ती चाचणी फक्त विषाणू शोधते. विषाणूने इतकी वर्षं यकृतात काय करून ठेवलं, हे तिला दिसत नाही.

२. आधी आपला आकडा माहीत करून घ्यावा

यकृतातला व्रण किती, हे एफ-० ते एफ-४ अशा पायऱ्यांनी सांगतात. एफ-४ म्हणजे सिरॉसिस. त्याचा अंदाज फायब्रोस्कॅनने येतो : बरगड्यांवर एक नळी टेकवतात, हलके धक्के बसतात, दुखत काही नाही. यकृत जितकं कडक तितका आकडा जास्त. हिपॅटायटिस सीमध्ये साडेबारा किलोपास्कलच्या पुढे आकडा गेला की सिरॉसिस धरतात. माझा उपचारांआधी चौदाच्या घरात होता. नंतर तो दहाच्या आसपास आला आणि घरात पेढे वाटले गेले. डॉक्टरीणबाईंनी मात्र मला बसवून समजावलं : विषाणू गेल्यावर यकृताची सूज उतरते आणि तेवढ्यानेही आकडा खाली येतो, व्रण भरायला वर्षं लागतात, आणि काहींचा पुरता भरतही नाही. म्हणून आकडा उतरला तरी तुम्हाला सिरॉसिसचेच रुग्ण धरून तपासत राहणार. आणि दारू? शून्य.

बाकावर माझ्या शेजारी बसणारा पोरगा एफ-१चा होता. विषाणू गेल्यावर त्याचं यकृत जवळजवळ इतर कोणाही माणसासारखंच. त्याला डॉक्टरांनी जे सांगितलं, ते मला लागू नाही, आणि माझं त्याला नाही. एकाच रांगेत एकाच गोळ्या घेतल्या म्हणून उत्तरही एकच, असं समजणं धोक्याचं आहे. यकृताच्या रक्तचाचणीतलं एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होणंही तसंच. सिरॉसिस असूनही एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतं.

३. ‘थोडी’ म्हणजे किती ग्रॅम, ते मोजावं

हे माझ्या कामाचं क्षेत्र, म्हणून इथे जरा रेंगाळतो. मळी आंबवायची, यीस्टने साखरेचं इथेनॉल करायचं, ते उकळून ९५ टक्क्यांपर्यंत न्यायचं. आमच्या टाक्यांमधून ते पुढे दारूच्या कारखान्यांनाही जायचं आणि पेट्रोलमध्ये मिसळायलाही जायचं. रेणू एकच. त्यामुळे ‘महागाची घेतली तर लिव्हरला लागत नाही’, ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’, ‘वाइन तर तब्येतीला चांगली’ ही वाक्यं ऐकली की मला राहवत नाही. यकृताला बाटलीवरचं नाव कळत नाही. त्याला ग्रॅम कळतात.

आपल्याकडची व्हिस्की, रम साधारण ४२.८ टक्के. एक मिलिलिटर अल्कोहोलचं वजन ०.७८९ ग्रॅम. म्हणजे तीस मिलीच्या छोट्या पेगमध्ये दहा ग्रॅम, नाइंटीमध्ये तीस ग्रॅम, क्वार्टरमध्ये साठ ग्रॅमच्या वर. आणि आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, साडेसहाशे मिलीची एक बाटली? एकेचाळीस ग्रॅम. चार छोटे पेग. ‘मी दारू सोडली, आता फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्या एका सहकाऱ्याला मी हा हिशेब कागदावर करून दाखवला, तेव्हा तो कागद त्याने खिशात घालून घरी नेला.

हे आकडे आपल्या आजाराशी कुठे जुळतात तेही सांगतो. १९९७मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये हिपॅटायटिस सीच्या दोन हजारांहून अधिक रुग्णांचा एक फ्रेंच अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज पन्नास ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल घेणाऱ्यांच्या यकृतात व्रण वेगाने वाढतो, असं त्यात दिसलं. रोजची क्वार्टर ही रेषा ओलांडते. त्या रुग्णांत विषाणू होता, आपल्यात आता नाही, हे खरं. पण अल्कोहोलला व्रण करायला विषाणूची सोबत लागत नाही. यकृतात त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते पेशींना इजा करतं, चरबी साठते, सूज येते आणि व्रणाचे धागे विणणाऱ्या पेशी पुन्हा कामाला लागतात. आधीच व्रण असलेल्या यकृताला हे सगळं सोसायला जागा कमी उरलेली असते.

४. सगळ्यात अवघड जागा पंगतीची

गोळ्या वेळेवर घेणं सोपं होतं. आमच्या भागात हळदीची रात्र, गटारी, थर्टी फर्स्ट, आणि कोणाची बढती झाली की ‘आज बसायचं’. यांतून मोकळं राहणं अवघड. आजार चालू असताना सगळे समजून घेतात. बरे झालात की तीच माणसं आग्रह करतात, आणि तोही प्रेमाने. धाकट्या मेव्हण्याच्या हळदीत थोरला मेव्हणा म्हणाला, “दाजी, आता तर रिपोर्ट क्लिअर आलाय. एक नाइंटी काय करतीय?”

मी आधी ‘डॉक्टरांनी नाही सांगितलंय’ म्हणत असे. त्यावर वाटाघाटी सुरू होतात : डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात, एकाने काय होतंय, तुमचे डॉक्टर स्वतः घेत नाहीत का. मेव्हण्याला मी पहिल्यांदा सरळ सांगितलं, “विषाणू गेला, पण लिव्हर कडक झालंय. ते आता नवं मिळणार नाही. मी घेत नाही.” तो गप्प झाला. थोड्या वेळाने माझ्यासाठी सोडा-लिंबू घेऊन आला आणि शेजारी बसून चकण्यातले शेंगदाणे खात राहिला. तेव्हापासून आमच्या घरच्या कार्यात मला कोणी विचारत नाही. तोच इतरांना अडवतो.

खरं कारण सांगायला लोक कचरतात, कारण आजाराचं नाव घेतलं की ताट-पेला वेगळा होईल अशी भीती असते. हा आजार एका ताटात जेवल्याने, हातात हात दिल्याने पसरत नाही, रक्तातून पसरतो. हे घरच्यांना एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावं. माझ्या बायकोने ते ऐकलं आणि मग तिनेच आजूबाजूच्यांना समजावलं.

५. पॅरासिटामोल, काढे आणि ‘लिव्हर टॉनिक’

प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी डोकं धरलं म्हणून पॅरासिटामोल घेणाऱ्यांनी जाणून असावं, की नेहमी पिणाऱ्याच्या यकृताला तिची मात्रा लवकर जड जाते. आणि टॉनिकची बाटली घेतली की पिण्याची भरपाई होते, हा समज पार चुकीचा आहे. कोविडच्या काळात गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले होते. वनस्पतीचं म्हणून निरुपद्रवी, असं यकृत मानत नाही. मी काहीही नवं घ्यायच्या आधी विचारतो.

६. सहा महिन्यांची सोनोग्राफी थांबत नाही

सिरॉसिस झालेल्याला विषाणू गेल्यावरही यकृताच्या कर्करोगाचा धोका उरतो. तो बराच कमी होतो, पण शून्य होत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, आणि डॉक्टर सांगतील तर सोबत एएफपीची रक्तचाचणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दारूला १९८८मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. जो धोका एका बाजूने गोळ्यांनी कमी केला, तो दुसऱ्या बाजूने ग्लासातून परत आणायचा नाही, एवढंच माझं म्हणणं.

७. अँटिबॉडी जन्मभर पॉझिटिव्ह राहते

बाकावरच्या एका ट्रकचालकाची हर्नियाच्या ऑपरेशनआधी तपासणी झाली आणि ‘एचसीव्ही पॉझिटिव्ह’ असा शेरा आला. आजार परत आला, आता कशाला जपायचं, म्हणून तो पंधरवडाभर प्याला. परत काहीच आलं नव्हतं. ती चाचणी अँटिबॉडीची होती, आणि ती बरं झाल्यावरही सहसा पॉझिटिव्हच येते. विषाणू आहे की नाही हे आरएनए चाचणीच सांगते. तो रिपोर्ट जपून ठेवावा, मोबाइलमध्ये फोटोही ठेवावा. पुन्हा लागण होऊ शकते हे मात्र खरं. बरं झाल्याने संरक्षण मिळत नाही.

८. जो सोडू शकत नाही, त्यालाही उपचार हवेत

‘आधी दारू सोड, मग गोळ्या’ असं रुग्णाला सांगून परत पाठवल्याचं मी ऐकलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. पिणाऱ्यांवरही या गोळ्या चालतात. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासात पिणारे आणि न पिणारे जवळपास सारख्याच प्रमाणात बरे झाले. विषाणू आधी घालवा, दारूवर सोबत काम करा.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत बंद करू नये. हात थरथरणं, घाम, मग दोन-तीन दिवसांत फिट किंवा भ्रम. हे जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. आणि घरच्यांना कळकळीची विनंती : दारूची शिसारी आणणारी गोळी नवऱ्याला न सांगता भाजीत मिसळू नका. ती गोळी म्हणजे डायसल्फिराम. ते यकृतालाच इजा करू शकतं, आणि त्यावर कोणी प्यायलं तर रक्तदाब कोसळतो. त्यापेक्षा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा, पुण्यात १९८६पासून चाललेलं मुक्तांगण आहे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा गावोगावी होतात. त्या ट्रकचालकाला मी आणि त्याचा भाऊ असंच घेऊन गेलो. जाताना आरएनएचा रिपोर्ट, फायब्रोस्कॅन, शेवटची सोनोग्राफी आणि चालू गोळ्यांची यादी सोबत ठेवा. यकृताची स्थिती पाहूनच तिथले डॉक्टर औषध ठरवतात.