फुलांचा सुगंधी शिरका : घरच्या घरी एक प्रयोग

तुळशीला मंजिऱ्या आल्या की आपण त्या खुडतो आणि टाकून देतो. कुंपणावरची गोकर्णाची निळी फुलंही अशीच गळून जातात. त्यांचा छान शिरका, म्हणजेच व्हिनेगर, करता येतो.

साहित्य : मूठभर मंजिऱ्या, गोकर्णाची 8-10 फुलं, 2 कप पांढरा व्हिनेगर (आम्लता 5 टक्के), काचेची बरणी.

कृती :
1. फुलं धुऊन कापडावर पूर्ण सुकवा. बरणी उकळत्या पाण्यातून काढून कोरडी करा.
2. फुलं बरणीत घालून ती बुडतील इतका व्हिनेगर ओता.
3. प्लास्टिकचं झाकण लावा. आम्लामुळे धातूचं झाकण गंजतं.
4. बरणी दोन आठवडे अंधारात ठेवा. मग गाळून फ्रीजमध्ये ठेवा. कोशिंबिरीत चमचाभर पुरे.

असं का होतं?
गोकर्णाच्या निळ्या रंगात अँथोसायनिन असतं. आम्लात ते जांभळट-गुलाबी होतं, अगदी लिटमससारखं! शिरका टिकतो तो ॲसेटिक आम्लामुळे. पाणी मिसळलं की आम्ल सौम्य होतं आणि जंतूंना वाव मिळतो. म्हणून फुलं कोरडीच हवीत.

सावधान!
दिसायला सुंदर ते सगळं खाण्याजोगं नसतं. कण्हेर आणि पिवळी बिट्टी ही झाडं विषारी आहेत. शिरक्यात ते विष नाहीसं होत नाही. ओळख पक्की नसेल, फवारणी झालेली असेल, तर ते फूल घेऊच नका. प्रयोग मोठ्यांसोबतच करा.

विचार करा : गोकर्णाच्या पाण्यात खाण्याचा सोडा घातला तर रंग कोणता होईल?