आधी दार वाजवा, हे सांगायला लाजू नकोस

अगं, घरमालक न सांगता खोलीत येतात हे तू इतके दिवस मनात ठेवलंस, म्हणून आधी तुझ्या शेजारी बसून बोलते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, अकोल्याहून नगरला शिकायला नि नोकरीला आलेल्या कितीतरी मुली सावेडीत, केडगावात, बोल्हेगावात अशा एका खोलीत राहतात. वर मालकांचं कुटुंब, खाली भाड्याच्या खोल्या, एकच जिना. मालकांना काका म्हणायचं, काकूंनी सणाला पुरणपोळी पाठवायची. नातं इतकं घरगुती होतं की काका दुसऱ्या किल्लीने कुलूप उघडून आत आले, तर तक्रार करायलाच जीभ रेटत नाही. "आपण वाईट अर्थ तर काढत नाही ना?" असं वाटत राहतं.

तू वाईट अर्थ काढत नाहीयेस. आपल्या माघारी कुणी खोलीत येऊन गेलं की छातीत धस्स होतं, दोरीवर कपडे वाळत टाकावेसे वाटत नाहीत, आंघोळीला जाताना दोनदा कडी पाहिली जाते. भाडं देतेस ते चार भिंतींचं नाही, दार लावून निवांत बसता येण्याचं देतेस. मालकी त्यांची आहे, पण करार आहे तोवर त्या खोलीतलं राहणं तुझं आहे.

कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याच्या कलम २८ प्रमाणे मालकाला जागा पाहण्याचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. भाडेकरू असो की 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहणारी तुझ्यासारखी मुलगी, दोघांनाही हे लागू आहे. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना दिला. त्यात तर किमान २४ तास आधी कळवावं आणि सूर्यास्तानंतर आत येऊ नये असं लिहिलंय. आपल्याकडे चालतो तो १९९९ चाच कायदा, पण रीत कोणती धरायची हे त्या नमुन्यावरून कळतं.

आता घरी जाऊन तुझा करार काढ. अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो लेखी हवा नि नोंदवलेला हवा. १९९९ च्याच कायद्याच्या कलम ५५ ने नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. नोंदवलेल्या करारात बहुतेक वेळा तपासणीचं एक कलम असतं, की मालक पुरेशी सूचना देऊन जागा पाहू शकतील. ते वाच आणि त्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेव. नव्याने करार करशील तेव्हा "एक दिवस आधी कळवून, राहणारी व्यक्ती घरात असताना" एवढे शब्द त्यात घालून घे.

मग बोल. पण भांडायला जाऊ नकोस. बहुतेक मालक खोडसाळ नसतात. निवृत्तीच्या पैशांतून बांधलेलं घर असतं, भिंतीला ओल आली तरी त्यांचा जीव वरखाली होतो. आपल्याकडे मुळा धरणाचं पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी सुटतं त्या दिवशी कुणाचा नळ चालू राहिला, टाकी भरून वाहिली, की त्यांना आत डोकवावंसं वाटतं. ही काळजी तू आपण होऊन मिटव. शक्यतो काकूही समोर असताना शांतपणे सांग आणि त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिही: "काका, नमस्कार. काल मी नसताना खोली उघडली होती. यापुढे काही काम असेल तर आदल्या दिवशी फोन करा, मी थांबेन. पाण्याची काळजी करू नका, बाहेर पडताना कॉक बंद करत जाईन." यात आरोप नाही, उद्धटपणा नाही, आणि तारखेसह पुरावा तयार होतो.

कडीकोयंडा असेल तर कुलूप तुझं स्वतःचं लाव. लॅच असेल तर बदलण्याआधी त्यांना कळव आणि जुनं जपून ठेव, खोली सोडताना बसवून देता येईल. आतून मजबूत कडी आजच लावून घे. गॅसचा वास आला, शॉर्टसर्किट झालं, पाइप फुटला तर त्यांनी दार उघडणं योग्यच. पण तेव्हाही लगेच तुला फोन यायला हवा, हे आधीच ठरवून घे.

भाडं मात्र थांबवू नकोस. रागात आपण तेच आधी करतो आणि आपलीच बाजू लंगडी होते. भाडं बँकेतून किंवा यूपीआयने वेळेवर दे. रोख दिलंस तर पावती घे, ती देणं मालकावर बंधनकारक आहे. तुझ्या बोलण्याचा राग धरून त्यांनी पाणी किंवा वीज तोडली, तर त्याच कायद्याचं कलम २९ त्याला मनाई करतं.

सांगूनही येणं थांबलं नाही, तर प्रत्येक वेळची तारीख, वेळ लिहून ठेव आणि घरी सांग. नजर वाईट आहे असं एकदा जरी वाटलं, तर गोड बोलण्याची पायरी सोडून दे. ११२ ला फोन कर किंवा पोलीस ठाण्यात जा; सावेडीला तोफखाना, नागापूरकडे एमआयडीसी पोलीस ठाणं आहे. जाताना एक मैत्रीण सोबत ने आणि तक्रारीची पोच घेऊनच नीघ. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत धाक दाखवायला, अपमान करायला किंवा त्रास द्यायला शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गुन्हा आहे. स्त्रीच्या लज्जेचा अपमान करण्याच्या हेतूने तिच्या खासगीपणात घुसणाऱ्याला कलम ७९ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वकिलाच्या फीची भीती बाळगू नकोस. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, कमाई कितीही असली तरी, मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन १५१००.

दुसरी खोली बघणं म्हणजे हार नव्हे. डिपॉझिट परत मागताना करार, भाड्याच्या नोंदी नि हे सगळे मेसेज तुझ्या हातात असतील. पण आधी बोलून बघ. अनेकदा एका स्पष्ट वाक्यानेच प्रश्न सुटतो, कारण आधी कुणी ते बोललेलंच नसतं. तू बोललीस, की तुझ्यानंतर त्या खोलीत राहायला येणाऱ्या मुलीचंही दार आधी वाजेल. म्हणून आज संध्याकाळी तो मेसेज पाठव, आणि पाठवलास की मला कळव.