पणजोबांचा कागद कुठे गेला?

प्रश्न : माझे पणजोबा वाईजवळच्या खेड्यात राहत. 1931 च्या जनगणनेत प्रत्येकाची जात लिहून घेतली होती, असे ऐकतो. मग आमच्या घराचा तेव्हा भरलेला कागद कुठे पाहायला मिळेल? – एक वाचक, सातारा

उत्तर : कुठेच नाही. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे कचेऱ्यांतले हेलपाटे वाचतील.

कागद भरला गेला होता, यात मात्र शंका नको. जुनी माणसे ज्याला खानेसुमारी किंवा शिरगणती म्हणत, ती 1931 साली 26 फेब्रुवारीच्या रात्री झाली. त्याआधी घरांवर गेरूने आकडे घातले गेले आणि घरोघरची कच्ची नोंद झाली. ठरल्या रात्री प्रगणक पुन्हा फिरले. दरम्यान कोणी वारले असेल तर नाव खोडायचे, बाळ जन्मले किंवा पाहुणा मुक्कामाला आला असेल तर वाढवायचे. अर्थात तुमचे घर त्यातून सुटलेही असेल. दिवस सविनय कायदेभंगाचे होते आणि काँग्रेसने 11 जानेवारीला शिरगणतीवरच्या बहिष्काराचा दिवस पाळला होता.

प्रश्न मोठे मासलेवाईक होते. धर्म, जात, वय, लग्न झाले की नाही, जन्म कुठल्या जिल्ह्यात, मातृभाषा कोणती, तिच्याखेरीज रोजच्या वापरात दुसरी कोणती, इंग्रजी येते का, आंधळेपणा, बहिरेपणा किंवा महारोग आहे का. साक्षर कोण? तर ज्याला पत्र लिहिता येते आणि आलेले उत्तर वाचता येते तो. नुसती सही करणारा त्यात बसत नसे. माणसांची विभागणी कमावते आणि आश्रित अशी होती. दिवसभर घरात राबणारी बाई आश्रितांत गेली. त्या काळच्या सूचनांत आणखी एक गोष्ट असे : बाईचे नाव सांगायला घरच्यांची हरकत असेल, तर नावाच्या रकान्यात नुसते ‘स्त्री’ लिहावे. म्हणजे कागद उरला असता, तरी पणजीबाई त्यात नावानिशी भेटल्या असत्या याची खात्री नव्हती.

मग कागदाचे झाले काय? एकेका माणसाची माहिती एकेका चिठ्ठीवर उतरवली जाई. चिठ्ठीचा रंग धर्माप्रमाणे. कारकून त्या खणांत टाकत, गठ्ठे मोजत आणि आकडे तक्त्यात चढवत. या कामात नावाची गरजच नव्हती. तक्ते तयार झाल्यावर मूळ कागद आणि चिठ्ठ्या रद्दीत गेल्या. सरकारला तुमचे पणजोबा नको होते, एक आकडा हवा होता. तो त्याने ठेवला. मुंबई इलाख्याचा छापील अहवाल आजही ग्रंथालयांत आहे आणि 1980 साली मंडल आयोगाने इतर मागासवर्गांच्या लोकसंख्येचा अंदाज बांधला तो 1931 च्या जातवार आकड्यांवरच.

याउलट आयर्लंडमध्ये 1911 च्या जनगणनेचे घरोघरचे मूळ कागद जपले आहेत आणि इंटरनेटवर फुकट पाहता येतात. विवाहित बाईला किती मुले झाली आणि त्यांतली किती हयात आहेत, हेसुद्धा त्यांत सापडते. हेवा वाटावा असेच आहे, पण त्यांच्याकडचेही सगळे उरलेले नाही. 1881 आणि 1891 चे कागद पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेले, तर त्याआधीच्या कित्येक नोंदी 1922 साली डब्लिनच्या आगीत जळाल्या.

आपल्याकडे पुढच्या जनगणनांचीही आशा धरू नका. 1948 च्या कायद्याने वैयक्तिक नोंदी पाहण्याचा हक्क कोणालाच नाही, आणि दिवाणी दाव्यात त्या पुरावा म्हणूनही चालत नाहीत.

पणजोबा शोधायचेच असतील, तर तहसील कचेरीत गाव नमुना 14 म्हणजे जन्ममृत्यूचे जुने रजिस्टर मागा. तेच कोतवाल बुक. गावची शाळा जुनी असेल तर तिचे जनरल रजिस्टर आणि जमिनीचे जुने फेरफारही बघा. यांतले पुष्कळसे मोडीत आहे, तेव्हा जाताना मोडी वाचणारा कोणीतरी बरोबर घ्या.