पेन ड्राइव्हवर हेडर दिसत नाही

‘वेबसाइट अर्धवट आहे, पैसे कसले मागता?’ अंबाजोगाईतल्या एका शिक्षणसंस्थेच्या बैठकीत हे ऐकून घेणाऱ्या डेव्हलपरचं काम पूर्ण झालेलं होतं. केज, गेवराई, माजलगावच्या शाखांची पानं वेगवेगळ्या फोल्डरमध्ये. हेडर-फूटर मात्र स्वतंत्र फाइलींत, जावास्क्रिप्टच्या ‘फेच’ने प्रत्येक पानात येणारे. प्रवेशाचा फोन नंबर बदलला, की एकाच जागी बदलायचा. पीएचपी न चालणारं फुकटचं होस्टिंग संस्थेनेच निवडलेलं, म्हणून ही पद्धत.

वेबसाइटच्या पत्त्यावर सगळं ठीक दिसत होतं. पदाधिकाऱ्यांनी पेन ड्राइव्हवरची प्रत डबल क्लिक करून उघडली. तशा उघडलेल्या पानाला ब्राउझर शेजारची फाइलसुद्धा आणू देत नाही. सुरक्षेसाठी तसा नियमच आहे. वर मेनू नाही, खाली पत्ता नाही. डेव्हलपरने एफ-१२ दाबून कन्सोलमधली लाल ओळ दाखवली, तिच्यात कारण स्पष्ट लिहिलेलं होतं. कोणी वाकूनही पाहिलं नाही. मोबाइलवर तीच वेबसाइट उघडून दाखवली, तर उत्तर आलं, ‘तुमच्या फोनवर चालते हो, आमच्या कॉम्प्युटरचं काय?’

बिल अडलं. डेव्हलपरला ते अजून सलतं, आणि सलावं असंच ते वागणं होतं.

असं काम घेणाऱ्यांना त्याचं सांगणं आहे. हेडरमधल्या लोगोचा आणि लिंकांचा पत्ता तिरप्या रेघेने सुरू करा. नाहीतर मुख्य पानावर दिसणारा लोगो केजच्या फोल्डरमध्ये शिरताच गायब होतो. ‘इनरएचटीएमएल’ने टाकलेल्या मजकुरातला स्क्रिप्ट टॅग चालतच नाही, मेनूचं बटण दाबून काही होत नाही, म्हणून त्याचा कोड हेडर आल्यानंतर वेगळा जोडावा लागतो. हेडरची उंची सीएसएसमध्ये आधीच राखून ठेवा, नाहीतर मंद नेटवर मजकूर वाचता वाचता खाली ढकलला जातो.

त्याहून बरा मार्ग म्हणजे हेडर सर्व्हरवरच पानात बसवणं. वर्डप्रेस हेच करतं. पीएचपी नसेल, तर जेकिल किंवा इलेव्हंटी यांसारखं साधन वापरून पानं आधीच जोडून घ्यावीत. मग डबल क्लिक केलं तरी मेनू जागेवर असतो.

व्यवहार नीट ठेवा. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. तपासणी कोणत्या वेब पत्त्यावर होणार, हे कामाच्या पत्रात लिहून सही घ्या, आणि उरलेले पैसे खात्यात येईपर्यंत फाइली कोणाच्या हातात देऊ नका.